कच्ची कड

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आई मला लहानपणापासून भिंगरी म्हणते. मासिकाच्या कचेरीत कामाला लागले, तेव्हा पहिल्याच बैठकीत संपादकबाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "टेबल कोण हलवतंय?" टेबल माझा गुडघा हलवत होता. त्या दिवसापासून मी बाईंच्या लक्षात राहिले, पण मला जसं राहायचं होतं तसं नाही.

तिथे मी काही अशीतशी आले नव्हते. फॅशन माध्यम या विषयाचा दोन वर्षांचा खास अभ्यासक्रम पुरा करून आले होते. कपड्यांचा इतिहास, फोटो कसा वाचायचा, शो संपल्यावर वीस मिनिटांत मजकूर कसा पाडायचा, सगळं शिकले होते. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिला तो न शिवलेल्या कडांवर. काही डिझायनर कपड्याची कड मुद्दाम दुमडत नाहीत, दोरे तसेच लोंबते ठेवतात. त्याला कच्ची कड म्हणतात. कच्ची कड म्हणजे पूर्णत्वाला दिलेला नकार, असं मी ऐंशी पानं पटवून दिलं होतं. वर्गात पहिली आले होते.

आणि मासिकात मला मिळाली ती सॅम्पलची खोली. फोटोसाठी कपडे येतात ते उसने येतात आणि जसेच्या तसे परत जावे लागतात. पिशव्या उघडायच्या, कपड्यांवर वाफेची इस्त्री फिरवायची, बुटांच्या तळव्यांना कागदी चिकटपट्टी लावायची, म्हणजे मॉडेलने घातलेले बूट कुणी घातलेच नव्हते असे परत करता येतात. तीन महिन्यांची उमेदवारी होती. अडीच महिन्यांत मी निदान दोनशे बुटांना पट्ट्या लावल्या असतील. लिहिलेलं वाक्य एकही नाही. माझ्यासारख्या आणखी चारजणी याच खोलीत येऊन गेल्या होत्या, हे मला पट्ट्यांचं बंडल दाखवणाऱ्या शिपाईमामांनी पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं होतं.

घरी हे सांगायची सोय नव्हती. आईचा कपडे आल्टर करून द्यायचा गाळा आहे. मोठं झालेलं लहान करणं, लांब झालेलं आखूड करणं, यात तिची तीस वर्षं गेली. मला तिने आठव्या वर्षी सुई धरायला शिकवली आणि अठराव्या वर्षी हातातून काढून घेतली. "आता तू अभ्यास कर, हे माझ्यापाशी राहू दे," म्हणाली. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला तिने ते ऐकवलं, आणि नोकरी लागल्यावर "आमची मुलगी मासिकात लिहिते" हे सुरू झालं. दर महिन्याला ती अंक विकत आणायची आणि माझं नाव शोधायची. सापडलं नाही की मलाच समजवायची, "या वेळी जाहिराती जास्त होत्या, म्हणून राहिलं असेल." मला वाटायचं, एकदा ओरडून सांगावं की अगं, मी बुटांना पट्ट्या लावते. पण धीर होत नव्हता.

उमेदवारी संपायला दोन आठवडे उरले असताना बाईंनी मला बोलावलं.

"एक पान मोकळं झालंय. तो हिरवा कोट माहितीये ना, कच्च्या कडेचा? गेल्या वर्षीच्या शोमधला?"

माहीत नसायला काय झालं? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच कोटावर होतं. तेवीस पानं. बाईंना ते ठाऊक असणार, नाहीतर मला कशाला बोलावलं असतं?

"चारशे शब्द. खाली तुझं नाव जाईल," बाई म्हणाल्या. "जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर काय, ते मी बोलायला नको."

मी खोलीबाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, "थांब, मशीन बंद करते," आणि मग काहीच बोलली नाही. रडत होती की काय, मला विचारवेना.

कोट फोटोच्या दिवशी सकाळी आला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो हातात घेतला. तोवर फक्त फोटो पाहिले होते, आणि तेवीस पानं फोटो बघूनच लिहिली होती. जाड लोकरीचं कापड, गडद हिरवं, अंगावर घेतलं तर ओझं वाटेल असं. खालच्या सगळ्या घेराला बोटबोटभर दोरे सुटलेले. आमची स्टायलिस्ट, जिला सगळे टाचणी म्हणायचे कारण तिच्या तोंडात कायम दोन-चार टाचण्या असायच्या, ती मॉडेलला घेऊन निघाली होती आणि वाटेत अडकली होती. "दीड तास तरी लागेल गं," तिने फोनवर सांगितलं. "तू तोवर वाफ मारून ठेव."

वाफ मारायला दहा मिनिटं लागली. मग मी मजकुराचं पहिलं वाक्य शोधत बसले.

ते काही सापडेना. 'पूर्णत्वाला नकार' लिहिलं, खोडलं. 'एक कोट जो संपत नाही' लिहिलं, खोडलं. उठले, पाणी प्यायले, खिडकी उघडली, परत लावली. चारशे शब्दांवर सगळं अडलं होतं, माझी जागा, आईचं ते गप्प होणं, दोन वर्षांचा अभ्यास. सॅम्पलच्या खोलीत सुईदोऱ्याचा डबा असतोच, कारण ऐन वेळी बटण तुटतं. तो समोर पडला होता. कोट मांडीवर होता. मी मनात वाक्य जुळवत होते, आणि दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसा माझा हात त्या डब्याकडे गेला.

मी शपथेवर सांगते, काय करतेय हे मला कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणजे दिसत होतं, पण ते चूक आहे हे डोक्यात शिरत नव्हतं. आमच्या घरात लोंबता दोरा दिसला की तो कापतात. उसवलेली कड दिसली की ती दुमडतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही. मी दोरे कापले, कड आत घेतली, हिरवा दोरा ओवला आणि तुरपाई करत गेले. एकेक टाका घालताना जीव शांत होत गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझा गुडघा हलत नव्हता. वाक्यही सुचायला लागलं होतं, छान, लयीत: 'या कोटाच्या कडेचे दोरे चालताना मोकळे झुलतात, आणि'

शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कापलेले दोरे माझ्या पायाशी पडले होते. ते गोळा करून परत लावता येतील का, असा विचार मी केला, इतकी माझी अक्कल गेली होती. तेवढ्यात दार उघडून टाचणी आत आली. तिने कोट माझ्या हातातून घेतला, हवेत एकदा झटकला आणि तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाली, "वा! काय पडतोय!"

मी तोंड उघडलं. ती केव्हाच बाहेर गेली होती.

फोटो झाले. फोटोग्राफरने सत्तर-ऐंशी काढले, त्यातला एक पडद्यावर मोठा करून सगळ्यांनी पाहिला. मॉडेल पाठमोरी वळतेय, कोटाचा घेर फिरतोय, खालची कड सरळ, सुबक, एका रेषेत. बाई म्हणाल्या, "हाच." मांडणी करणारा म्हणाला, "हाच." मी भिंतीला टेकून उभी होते आणि कोण पहिलं ओरडतंय याची वाट बघत होते. कोणीच ओरडलं नाही.

मजकूर दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी तो तासाभरात लिहून काढला. खरं सांगायचं तर इतकं चांगलं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. दोरे झुलत होते, कड संपायला नकार देत होती, कापड बोलत होतं. बाईंनी तो माझ्यासमोर वाचला. मध्ये एकदा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"बुटांच्या मागे उगाच घालवला तुझा वेळ," त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून एवढं येणं म्हणजे फार झालं. मला आनंद झाला, आणि लगेच माझी नजर बाजूला गेली. शेजारच्या पडद्यावर तो फोटो होता. मजकुरात दोरे, फोटोत एक दोरा नाही. दोन्हींमध्ये वीतभर अंतर होतं, आणि बाई एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत मान डोलवत होत्या.

मला त्यांचा राग आला. टाचणीचा आला, मांडणीवाल्याचा आला. दिवसभर कपडे बघण्याचा पगार घेणारी ही माणसं, आणि एकाला कड दिसू नये? मग आठवलं, कड शिवली कुणी? तेवीस पानं लिहिलेल्या बाईने. रागाची ती वाफ तिथेच विरली.

पान छपाईला जायच्या सकाळी कोट परत करायचा होता. मी ठरवलं, आधी कोटाच्या डिझायनरबाईंना सांगायचं, मग आमच्या बाईंना. जे व्हायचं ते होऊ दे. डिझायनरबाईंची जागा एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. दोन लांब टेबलं, शिवणाची तीन मशीनं, एक डोकं नसलेला पुतळा आणि जमिनीवर चिंध्यांचा ढीग. आईचा गाळा तिप्पट मोठा केला तर असाच दिसला असता. डिझायनरबाई माझ्यापेक्षा जेमतेम पाचसहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी पिशवी उघडली, कोट बाहेर काढला, आणि त्यांचा हात सरळ खालच्या कडेवर गेला.

"हे कुणी केलं?"

"मी." पाठ करून आणलेलं भाषण विसरले. "चुकून झालं. म्हणजे शिवायला चुकून कसं... हात आपोआप... मला माफ करा. तुमचा तो सगळा विचार मी..."

त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी कड उलटवून पाहिली, नखाने टाका चाचपला, मग कोट पुतळ्यावर चढवून त्या दोन पावलं मागे गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"असाच हवा होता मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अहो, शोच्या आदल्या दिवशी माझी तुरपाईवाली तापाने आडवी पडली. अकरा कपडे झाले, हा राहिला. तसाच पाठवला, म्हटलं कोण बघतंय. तर दुसऱ्या दिवशी एकीने छापलं, काय धाडस! मग दुसरीने छापलं. मग मी पण धाडसच म्हणायला लागले. काय करणार?" त्या हसल्या, पण हसू लगेच मावळलं. "हे कुठे लिहिणार नाही ना तुम्ही? आता सगळे तोच कोट मागतात मला, दोरे लोंबणारा. मी मुली बसवून दोरे काढून घेते. तुम्ही खरं छापलंत तर मी संपले."

"माझा प्रबंध आहे या कोटावर," मी म्हणाले.

"हो? काय लिहिलंय?"

मी सांगितलं नाही.

जिन्यावरून उतरताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीपैकी एकही धड बाहेर पडत नव्हतं. तेवीस पानं! तुरपाईवालीला ताप आला यावर मी तेवीस पानं लिहिली होती, आणि ती तपासणाऱ्यांनी त्यावर 'मौलिक' असा शेरा मारला होता. रस्त्याने मी अक्षरशः धावत सुटले. कचेरी गाठायची, बाईंना सगळं सांगायचं. डिझायनरबाईंचं गुपित नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी. माझं सांगायचं. कड मी शिवली, मजकूर खोटा आहे, दुपारपर्यंत वेळ द्या, खरा लिहून देते. फोटोत जे दिसतंय तेच लिहिते. मनात वाक्यंसुद्धा येऊ लागली होती, साधी, आणि मला ती झुलणाऱ्या दोऱ्यांपेक्षा जास्त आवडत होती.

बाईंच्या टेबलावर पानाची शेवटची प्रत पसरलेली होती. मांडणीवाल्याची सही होती, टाचणीची होती, बाईंची होती. एक जागा रिकामी होती.

"बस," बाई म्हणाल्या. "आणि पाय हलवू नकोस. मी वर कळवलंय. पहिल्या तारखेपासून तू कायम. सॅम्पलच्या खोलीत आता दुसरं कोणीतरी बघू." त्यांनी पेन पुढे केलं. "काही बोलायचं होतं का तुला? धापा टाकत आलीस."

मजकुराखाली माझं नाव होतं. काळ्या, ठळक अक्षरांत. छापील नाव पहिल्यांदा बघताना काय होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला आई दिसली, मशीन बंद करून फोन कानाला लावलेली. मला ते हवं होतं. कुणी काही म्हणो, मला ते फार हवं होतं.

"सही कुठे करायची ते विचारायला आले," मी म्हणाले.

अंक बाजारात आला त्या सकाळी मी आईच्या गाळ्यात गेले. ती माझ्याआधीच घेऊन आली होती. एक नव्हे, चार प्रती. एक बाई पँट आखूड करून न्यायला थांबल्या होत्या, त्यांना ते पान दाखवणं चालू होतं. "हे बघा नाव. हे. कन्येचं." त्या बाईंनी वा वा म्हटलं. आई म्हणाली, "थांबा, वाचून दाखवते," आणि चष्मा नाकावर ठेवून मोठ्याने वाचायला लागली. शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखी, एकेक शब्द सुटा करत. मी मशीनशेजारच्या स्टुलावर बसले होते.

"'या कोटाच्या कडेचे दोरे चालताना मोकळे झुलतात, आणि कड संपायला नकार देते...'" आई थांबली. पान जरा लांब धरलं, मग जवळ. "कुठंयत गं दोरे?"

"छापण्यात दिसत नसतील," त्या बाई समजूतदारपणे म्हणाल्या.

"नाही हो. कड शिवलेली आहे ही. आतून तुरपाई आहे, त्याशिवाय अशी सरळ पडायची नाही. आणि हा कोपरा बघा ना पुढचा. असा दुमडून आत घेतलेला कोपरा..."

तिने कोपऱ्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. पँटवाल्या बाईंना काहीतरी उमगलं असावं. त्यांनी पिशवी घेतली आणि "येते हं" म्हणत निघून गेल्या.

"तू शिवलीस?" आईने विचारलं.

"हो."

"हे सगळं लिहायच्या आधी?"

"हो."

तिने परत पानाकडे पाहिलं. पुढचा मजकूर तिने वाचला, या वेळी मनात. शेवटपर्यंत, माझ्या नावापर्यंत. मग अंक मिटवून इतर तिन्हींवर ठेवला, कडा जुळवून.

"सुरेख शिवलीयस," ती म्हणाली. "टाका कुठे वर दिसत नाही."

मी थांबले. ती आणखी काही बोलेल असं मला वाटत होतं. ती सुईत दोरा ओवायला लागली.

"आणि लेख?" मी विचारलं.

"लेखातलं मला काय कळतंय," आई म्हणाली आणि तिने मशीन सुरू केलं.